तेलाच्या बाटलीवरची लवाहिज

छत्री होती माझ्याकडे, पण ती उघडायचा धीर झाला नाही. जानेवारीतल्या वादळात अलेक्झांड्रियात छत्री उघडतो तो बाहेरगावचा, असं आम्ही समजतो. वारा समुद्रावरून असा तिरका येतो की पाऊस वरून पडतोय की खालून उडतोय ते कळत नाही. मी कोर्टातून निघाले होते. कोटाच्या आत छातीशी फाइल धरलेली, बुटांत पाणी... रमल स्टेशनच्या अलीकडे, ट्रॅमच्या रुळांसमोर, जे पहिलं छप्पर दिसलं त्याखाली शिरले.

ते एका फोटो स्टुडिओचं छप्पर होतं. पाठीमागे काच आणि काचेत फोटो. लाजणाऱ्या नवऱ्या, नवे गणवेश घातलेले सैनिक, दात न आलेली बाळं. केसांतलं पाणी निपटत मी सहज वळले आणि मधल्या फ्रेमकडे बघतच राहिले.

लवाहिज सबरी. वीस-बावीस वर्षांची. मान किंचित कललेली, एक हात गळ्याशी, आणि आत्ताच कुणीतरी गमतीचं बोललंय असं ओठांवर हसू.

सित्त लवाहिज, म्हणजे लवाहिजबाई, ही गायिका-नटी आमच्या घराघरातली. तिची गाणी ऐकत माझ्या आईनं आयुष्यभर भाज्या निवडल्या. पण मी थबकले ते त्यासाठी नाही. अगदी हाच फोटो माझ्या कोटातल्या फाइलमध्ये होता, सांधेदुखीच्या तेलाच्या बाटलीवर छापलेला. हा फोटो मुळात कुठला, ते मी तीन आठवडे शोधत होते. जुनी मासिकं चाळली, सिनेमांच्या संग्रहालयात बसून शिंका दिल्या. आणि हा इथे, ज्या रस्त्याने मी रोज ट्रॅमने जाते त्या रस्त्यावर!

मी फोन काढून काचेसमोर धरला.

"बाई, आमच्या दुकानात फोटो काढून देतात," मागून आवाज आला. "काढून नेत नाहीत."

दारात एक उंच माणूस उभा होता. हातात चहाचा पेला, अंगात कोपरावर रफू केलेला स्वेटर, आणि डोळ्यांत... मला राग येणार आहे की हसू, याची वाट बघणारी एक मिश्कील उत्सुकता.

"काचेवर पाणी आहे," तो म्हणाला. "नीट येणार नाही. आत या, आतून काढा. चहापण आहे."

"सगळ्यांनाच असं आत बोलावता?"

"माझ्या दुकानाचा फोटो काढणाऱ्या सगळ्यांना. आजवर तुम्ही एकट्याच निघालात."

मी आत गेले. बाहेर गारठा होता आणि माझं कामही होतं. तिसरं काही कारण नव्हतं, असं मी पुढे आईला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली.

त्याचं नाव हातिम. स्टुडिओ त्याच्या आजोबांचा, आणि लवाहिजचा फोटोही आजोबांनीच काढलेला, ती पहिल्या सिनेमाच्या आधी इथे आली होती तेव्हा. हे सगळं तो कौतुकानं सांगत होता. मी विचारलं, याची प्रत कधी कुणाला दिलीत का? तर म्हणाला, हो, दीड वर्षापूर्वी दोन माणसं आली होती, जुन्या कलावंतांची दिनदर्शिका काढायची म्हणत होती, एक कागद—

"थांबा," मी म्हणाले. "पुढे बोलू नका. मी वकील आहे, माहीताब फहमी. सित्त लवाहिजच्या बाजूची. तुम्ही मला जे सांगाल ते उद्या तुमच्यावरच उलटेल."

त्यानं चहाचा दुसरा पेला माझ्यापुढे ठेवला. पुदिन्याची वाफ आम्हा दोघांच्या मधून वर गेली.

"मग खरं सांगायचं तर कुणाकडे जायचं?"

"तुमच्या वकिलाकडे."

"माझा वकील नाही. माझ्याकडे हे फोटो आहेत आणि एक आत्या आहे."

मी फोनवरची जाहिरात लावून त्याच्यापुढे धरली. जाहिरातीत काचेतली तीच लवाहिज मान हलवत होती, ओठ हलवत होती. यंत्रानं बनवलेल्या, हुबेहूब तिच्यासारख्या आवाजात सांगत होती की मी रोज हेच तेल लावते, डॉक्टरांच्या गोळ्या मी केव्हाच सोडल्या.

हातिमनं शेवटपर्यंत बघितलं. चेहऱ्यावरची मिश्किली कुठे गेली ते कळलं नाही.

"आजोबांनी तिला हसवलं होतं," तो हळूच म्हणाला. "यांनी तिच्या तोंडात शब्द कोंबले."

पाऊस थांबला होता. मी निघाले. चहा तसाच राहिला होता, हे मला ट्रॅममध्ये बसल्यावर आठवलं.

ही जाहिरात खुद्द सित्त लवाहिजला कशी कळली, ते आधी सांगायला हवं. दमनहूरहून एक बाई तिच्या दारात आली होती, काठी टेकत. तिनं गोळ्या सोडून सहा महिने तेल चोळलं होतं, आणि आता तिची बोटं मिटत नव्हती. ती भांडायला आली नव्हती. ती विचारायला आली होती की सित्त, तुम्ही आणखी काही लावता का, मला का गुण येत नाही?

लवाहिज तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. वीस वर्षं ती कुठल्या समारंभाला गेली नव्हती, कुणाला मुलाखत दिली नव्हती. त्या बाईला तिनं जेवायला घातलं, आपल्या डॉक्टरकडे पाठवलं आणि मग आमच्या कार्यालयात फोन केला.

"पोरी, मी म्हातारी झाले ते मला चालतं," ती मला पहिल्या भेटीत म्हणाली होती. "माझ्या तोंडून खोटं गेलं ते चालत नाही. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवायला साठ वर्षं लागलीत."

आमचे मोठे वकील उस्ताज़ वजदी. चाळीस वर्षांचा अनुभव, गोल पोट आणि हातात जपमाळ. ते म्हणाले, खटला सोपा दिसतो तेवढा नाही. कंपनीनं तेलाचं नावच 'लवाहिज' ठेवलंय, आणि लवाहिज हा शब्दकोशातला शब्द. लवाहिज म्हणजे नजरा, कटाक्ष. कंपनी म्हणणार, कटाक्षांवर कुणाची मालकी असते का? आणि फोटो तर आम्ही रीतसर विकत घेतला. तेव्हा फोटो विकणाराही प्रतिवादी करायचा. क्रमांक दोन.

नोटीस टपालानं पाठवता आली असती. मी स्वतः घेऊन गेले.

हातिमनं ती दोनदा वाचली. मग आतून सही केलेला तो कागद आणून समोर ठेवला आणि म्हणाला, ठेवा तुमच्याकडे, मी वकील करणार नाही. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की या छायाचित्राचे सर्व हक्क, सर्व कामांसाठी, कायमचे. त्यानं ते वाचलं नव्हतं. दिनदर्शिकेच्या आनंदात सही ठोकली होती.

"एक समजत नाही," तो म्हणाला. "फोटो आजोबांचा, म्हणजे आता माझा. मग मी तो देऊ शकत नाही?"

"फोटो तुमचा. चेहरा तिचा. घर भाड्यानं दिलं म्हणून घरातली माणसं दिली असं होतं का?"

तो काचेकडे वळला.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं तिला न विचारता इथे बसवून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी ट्रॅममधून पाहिलं तर मधली फ्रेम नव्हती. तिथे भिंतीचा एक चौकोन होता, आजूबाजूपेक्षा उजळ. कोर्टानं सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. ट्रॅम पुढे गेली तरी मी मान वळवून बघत राहिले, आणि ते खटल्यासाठी नव्हतं.

मग मला वकील संघाच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा झाला. अलेक्झांड्रियात शंभरेक स्टुडिओ असतील.

"हनुवटी जरा खाली," हातिम कॅमेऱ्यामागून म्हणाला. "डावीकडे... थोडं. आणि मी प्रतिवादी असल्यासारखं बघू नका."

"तुम्ही प्रतिवादीच आहात. क्रमांक दोन."

"कोर्टातही माझा नंबर दुसराच," तो सुस्कारा टाकत म्हणाला. मला हसू फुटलं आणि त्यानं नेमकी तेव्हाच कळ दाबली.

संघाला हसरे फोटो चालत नाहीत. त्यानं दुसरा काढला, गंभीर, दगडासारखा. मग कॅमेरा उलटा करून माझ्या हातात दिला. पडद्यावर तो पहिला फोटो होता. मान मागे गेलेली, एक बट गालावर, डोळे जवळजवळ मिटलेले. मी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

"मिटवायचा असेल तर हे बटण," तो म्हणाला. "मी नाही दाबणार. तुमचा चेहरा आहे."

मी बटणावर बोट ठेवलं. बाहेरून ट्रॅम गेली, काच थरथरली... मी बोट उचललं.

"राहू दे तुमच्याकडे. काचेत लावायचा नाही."

"काचेत? मी तो कुणाला दाखवेन असं वाटतं तुम्हाला?"

तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. मी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

त्यानंतर कागद दाखवायला, कागद परत न्यायला, कुठला तरी तपशील विचारायला मी जात राहिले. कधी तो कोपऱ्यावरून दालचिनी घातलेलं दाट गरम सहलब आणायचा, कधी त्याची आत्या डबा पाठवायची. आत्याला म्हणे त्यानं सांगितलं होतं, ज्यांनी माझ्यावर खटला घातला त्या बाई येणार आहेत. आत्या म्हणाली, मग लोणी जास्त घालते.

मी लपवाछपवी करणारी नाही. एक दिवस उस्ताज़ वजदींच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी जपमाळ टेबलावर ठेवली.

"चहा किती झाले?"

"सात... सहलब धरून."

"चौथ्यापासून पक्षपात सुरू होतो, माहीताब," ते म्हणाले. रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "हा तुझा पहिला मोठा खटला. तो माणूस आपला सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार होऊ शकतो. उद्या समोरचा वकील म्हणेल, साक्ष चहावर शिजवली. एक तर फाइल ठेव, नाही तर तिथलं जाणं."

दमनहूरच्या त्या बाईची बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी फाइल ठेवली.

त्या दुपारी स्टुडिओच्या दारातच उभी राहून हातिमला सांगितलं. आत गेले नाही, गेले असते तर बसले असते. म्हटलं, निकाल लागेपर्यंत मी येणार नाही. तुम्ही फोन करायचा नाही. तुम्हाला साक्ष द्यायची असेल तर उस्ताज़ वजदींना भेटा, मला नाही. आणि... काही विचारायचं असेल तर तेही तेव्हाच.

"निकालापर्यंत काहीच विचारायचं नाही?"

"काहीच नाही."

"आणि मी दारात उभा असताना तुमची ट्रॅम गेली तर?"

"ट्रॅम सार्वजनिक आहे," मी म्हणाले आणि पटकन वळले, कारण माझा चेहरा माझं ऐकत नव्हता.

मग रोज सकाळी साडेआठची ट्रॅम. पुढचा डबा बायकांचा, मी उजव्या खिडकीशी. स्टुडिओसमोर ट्रॅम वळणासाठी हळू होते, फार तर दहा सेकंद. तेवढ्या दहा सेकंदांत तो दारात असायचा. हातात पेला, तोच रफू केलेला स्वेटर. तो पेला किंचित वर उचलायचा. मी मान हलवायचे नाही, हात तर नाहीच. फक्त बघायचे. फेब्रुवारी गेला, पाऊस विरळ झाला, स्वेटर जाऊन सदरा आला. शब्दकोशात एका ओळीत असलेल्या त्या शब्दाचा अर्थ मला रोज दहा-दहा सेकंद कळत होता.

माझ्याशेजारी एक मुळ्यांची टोपली घेतलेली म्हातारी बसायची. एक दिवस तिनं विचारलं, पोरी, तो रोज पेला कुणाला दाखवतो गं? मी म्हटलं, माहीत नाही मावशी. ती म्हणाली, मला तर नाही दाखवत, मी इतकी वर्षं जातेय इथून.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी दार बंद होतं. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या, चौथ्याही.

मधल्या काळात हातिमनं उस्ताज़ वजदींना भेटून साक्ष द्यायचं कबूल केलं होतं, आणि कार्यालयात बातमी आधीच पोचली होती. कंपनीची माणसं हातिमकडे जाऊन आली होती. साक्ष दिलीस तर तुझ्याच सहीचा कागद दाखवून तुझ्यावर दावा लावू, स्टुडिओ जाईल, असं सांगून आली होती. उस्ताज़ वजदी म्हणाले की साक्षीदार फिरला तर नवल वाटून घेऊ नकोस, घाबरलेल्या माणसाला वळवायला फार लागत नाही.

"तो फिरणार नाही," मी म्हणाले.

"हे वकील बोलतेय?"

मी माझ्या टेबलाशी आले. फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं, फोन पालथा ठेवला. बंदी मीच घातली होती. माझ्याच शब्दाची मला इतकी चीड कधी आली नव्हती. आईनं त्या दुपारी पानात फूल, म्हणजे आमची वालासारखी उसळ, वाढली, लिंबू पिळलं आणि म्हणाली, "जेव. ज्या माणसानं न सांगता फ्रेम काढली तो असा पळत नाही." मी तिला फ्रेमचं कधी सांगितलं तेही मला आठवेना.

साक्षीचा दिवस उजाडला. कोर्टाचं दालन भरलं होतं, कारण लवाहिजचं नाव लागलेला खटला. कंपनीचे वकील नीटनेटके, गोड आवाजाचे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी शब्दकोश उघडूनच सुरुवात केली. लवाहिज हा शब्द भाषेचा, भाषा सगळ्यांची. कवींनी वापरला तर चालतो, मग तेलवाल्यानं का नाही? आणि छायाचित्राचा करार हा बघा, सहीनिशी.

मग साक्षीदाराचं नाव पुकारलं. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलंच.

दारातून हातिम आला. अंगावर इस्त्रीचा कोट, आणि त्याच्या हाताचा आधार घेऊन, पावलापावलानं, सित्त लवाहिज. डोक्यावर साधा करडा रुमाल. वीस वर्षं जिला कुणी पाहिलं नव्हतं ती. सगळं दालन उठून उभं राहिलं. न्यायाधीशबाईंनीही मान वर करून चष्मा सारखा केला.

ते चार दिवस तो कुठे होता ते मला मग कळलं. कंपनीची माणसं गेल्यावर तो थेट तिच्या दारात जाऊन उभा राहिला होता, क्षमा मागायला. पहिल्या दिवशी तिनं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि ओरडली. तिसऱ्या दिवशी कॉफी दिली. चौथ्या दिवशी म्हणाली, कॅमेरा घेऊन ये.

हातिमनं शपथ घेतली आणि बोलायला लागला. 

"सही माझी आहे. मी कागद वाचला नाही, ही माझी चूक. पण त्याहून मोठी चूक म्हणजे मी सित्तना विचारलं नाही. मी फोटो देऊ शकत होतो. त्यांचा चेहरा देणारा मी कोण? त्यांचा शब्द देणारा मी कोण?" मग त्यानं पाकिटातून एक फोटो काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. ब्याऐंशी वर्षांची लवाहिज, खिडकीशी बसलेली, सुरकुत्यांसकट, सरळ बघणारी. खाली तिच्याच हातचं लिहिलेलं होतं की हा माझा आजचा चेहरा, हा माझ्या परवानगीनं काढला, आणि मी डॉक्टरांच्या गोळ्या रोज घेते.

दालनात कुणीतरी हुंदका दिला. कंपनीच्या वकिलांच्या भुवया जवळ आल्या.

"साक्षीदाराला एकच प्रश्न," ते गोड आवाजात म्हणाले. "वादीच्या वकील, उस्ताज़ा माहीताब, तुमच्या स्टुडिओत वारंवार येत होत्या. खरं?"

"खरं. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत."

"तुमचे त्यांचे संबंध कसले आहेत, ते न्यायालयाला सांगाल?"

माझे कान तापले. उस्ताज़ वजदी उठायला लागले. हातिमनं एकदा माझ्याकडे बघितलं, ट्रॅम वळणावर हळू होते तेवढाच वेळ, आणि मग न्यायाधीशांकडे.

"माझ्या बाजूनं प्रेमाचे," तो म्हणाला. "त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही. विचारायला त्यांनी बंदी केली आहे, निकाल लागेपर्यंत. आणि मी त्यांच्यासाठी खोटं बोलेन असं वाटत असेल, तर मी आत्ता सगळं माझ्याविरुद्धच सांगितलंय."

 मग मागच्या बाकावरून कुणीतरी खळखळून हसलं. सित्त लवाहिज. साठ वर्षांपूर्वीचं तेच हसू, फक्त जरा खरखरीत. मग सगळेच हसले. मी फाइलमध्ये मान घातली होती, अक्षरं पोहत होती.

न्यायाधीशबाईंनी हसू ओठांत दाबलं. "विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साक्षीदारानं दिलं आहे," त्या म्हणाल्या. "पुढे चला."

उस्ताज़ वजदींनी नंतर सांगितलं, माझी-हातिमची ओळख आणि सहा आठवड्यांची बंदी त्यांनी कोर्टाला आधीच लेखी देऊन ठेवली होती. कंपनीच्या वकिलांनी ते पान वाचलं नव्हतं. "बघ," ते म्हणाले, "कागद न वाचणारा तुझा एकटाच नाही."

'तुझा' म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

निकाल लागायला अजून सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांतही मी शब्द पाळला, तोही. ट्रॅम, दहा सेकंद, पेला. फक्त एवढा फरक पडला की आता डब्यातल्या निम्म्या बायकांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि वळण आलं की मुळेवाली मला कोपरानं ढोसायची.

मेच्या एका बुधवारी न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला. शब्दकोशातला शब्द सगळ्यांचा, त्या म्हणाल्या. पण तो शब्द, तो चेहरा आणि तो आवाज एका बाटलीवर एकत्र आले की ते एका बाईचं नाव होतं, आणि ते तिच्या परवानगीशिवाय कुणाला वापरता येणार नाही. जाहिराती बंद, बाटल्या बाजारातून परत, वर्तमानपत्रांत जाहीर माफी. करारानं कंपनीला फोटो मिळाला, चेहरा मिळाला नाही, कारण तो विकणाऱ्याकडे नव्हताच. त्यामुळे हातिमला दिलेली धमकीही हवेत विरली. भरपाई दमनहूरच्या बाईच्या उपचारांसाठी आणि तिच्यासारख्या आणखी कुणी निघाल्या तर त्यांच्यासाठी ठेवायची, असं सित्त लवाहिजनं तिथेच सांगितलं. मग माझा गाल धरून म्हणाली, जा आता, इथे काय उभी आहेस.

मी ट्रॅमची वाट बघितली नाही. चालत निघाले. ऊन पडलं होतं, समुद्र निळाशार, फेरीवाले भिजवलेल्या तिरमिसचे दाणे कागदात बांधून विकत होते. मला वाटत होतं मी भरभर चालतेय, पण दुकानांच्या काचांत दिसलं की मी पळत होते.

हातिम स्टुडिओबाहेर शिडीवर चढून काच पुसत होता. बाह्या वर, हातात ओलं फडकं. मला बघून हात थांबला.

"निकाल लागला?"

"लागला."

"आपण जिंकलो?" मग गोंधळून म्हणाला, "म्हणजे... तुम्ही जिंकलात? मी हरलो?"

"सित्त जिंकल्या. तू सुटलास."

'तू' माझ्या तोंडून कसा गेला ते कळलं नाही. त्यानं तो ऐकला. फडक्यातून पाणी टपटप फरशीवर पडत राहिलं.  विचारायची बंदी उठली होती आणि त्याला विचारता येईना.

मग मीच पुढे झाले आणि शिडी धरली. 

"तू कोर्टात म्हणालास, माझ्या बाजूचं तुला माहीत नाही," मी म्हणाले.

"नाही माहीत."

"माझ्या बाजूनंही तेच आहे, हातिम. पहिल्या चहापासून. मी तो प्यायलेसुद्धा नाही."

तो खाली आला, एकेक पायरी, सावकाश, जणू मधेच मी विरून जाईन. समोर उभा राहिला. ओल्या हातांनी मला हात लावू की नको, हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं दोन्ही हात सदऱ्याला पुसले आणि मग तसेच बाजूला धरून राहिला.

"शुक्रवारी," तो म्हणाला, "शुक्रवारी आत्याला घेऊन तुमच्या घरी येऊ? आईंना भेटायला? म्हणजे तुला चालणार असेल तर... घाई नाही."

आई नेहमी म्हणायची, मुलीनं अशा वेळी खाली बघावं, दोन दिवस मागून घ्यावेत, माणसाला थोडं झुलवावं. मी वर बघितलं.

"शुक्रवार कशाला?" मी म्हणाले. "उद्या गुरुवार आहे. उद्याच या."